चारुलता कर भरते

दोह्यात राहणाऱ्या मराठी माणसाला दोन गोष्टींचा फार अभिमान असतो. एक, गावाहून बॅगेत कोंबून आणलेल्या भाजणीचा. आणि दुसरा, इथे पगारावर कर लागत नाही याचा. हा दुसरा अभिमान तर असा, की जणू तो कायदा त्यानेच स्वतःच्या हाताने लिहिलाय. सुट्टीवर नाशिकला किंवा पुण्याला गेला की पहिल्याच जेवणात तो मेव्हण्याला विचारणार, "काय, यंदा किती कापले?" मेव्हणा बिचारा सुस्कारा टाकणार, आणि याला पानातली बासुंदी आणखी गोड लागणार.

अशा लोकांच्या गावात चारुलता कर भरते. चुकून नाही, कोणी पकडलं म्हणून नाही, तर हट्टाने. नवऱ्याशी, भाच्याशी आणि इथल्या निम्म्या मराठी मंडळाशी भांडून. तिला कोणी वेडी म्हणतं, कोणी शिष्ट म्हणतं. म्हणोत बापडे. पण ती कर का भरते हे त्यांतल्या एकालाही विचारावंसं वाटलं नाही, म्हणून सांगायचं.

चारुलता मूळची नाशिकची. वडील अनंतराव भद्रकालीत वजनकाटे दुरुस्त करायचे. सराफाचा नाजूक तराजू, किराण्याच्या दुकानातला काटा, गोणी तोलायचा मोठा काटा, सगळे त्यांच्याकडे यायचे. माणूस तोंडाचा फटकळ. एकदा एका भुसार व्यापाऱ्याने "जरा आमच्याकडे झुकता करून द्या" असं सुचवलं, तर अनंतरावांनी त्याचा काटा उचलून रस्त्यावर नेऊन ठेवला. म्हणाले, "नीट करून मिळेल. वाकडा करायचा तर घरी करा, त्याला कारागीर लागत नाही." चारुलता तेव्हा दप्तरासकट दुकानात बसलेली असायची. काट्याची दांडी जिच्यावर तोलते ती धार पुसायची कशी, छोटं वजन बोट न लावता चिमट्याने उचलायचं कसं, हे ती पाढ्यांच्या बरोबरीने शिकली. वडिलांचा फटकळपणाही बरोबर आलाच. तो काही वेगळा शिकावा लागला नाही.

पुढे पुण्याला इन्स्ट्रुमेंटेशनचं इंजिनियरिंग झालं, चाकणला एका कारखान्यात नोकरी झाली, आणि मग गुरुप्रसादशी लग्न झालं. गुरुप्रसाद गॅसच्या कंपनीत इंजिनियर, दोह्यात. नोकरी सोडून ती इथे आली. अल थुमामातल्या फ्लॅटमध्ये विमानं डोक्यावरून जायची आणि दिवस काही केल्या जायचा नाही. तिचं रहिवासाचं कार्ड आलं तेव्हा त्यावर अरबीत धंद्याच्या जागी काहीतरी लिहिलं होतं. तिने नवऱ्याला विचारलं.

"हाऊसवाइफ," गुरुप्रसाद म्हणाला. "सगळ्यांचं तेच असतं."

तिला राग आला. घरकामाचा नव्हे, तिच्या आईने जन्मभर घरच केलं आणि भल्याभल्यांना पुरून उरली. राग याचा आला, की तिला कोणी विचारलंच नाही. माणूस इंजिनियर आहे की गवळण आहे, याची चौकशी न करता लिहून मोकळे.

धंदा सुरू झाला तो भांडणातूनच. घराजवळच्या बेकरीत ती खजूर घालून केलेली बिस्किटं घ्यायची. एक दिवस बेकरीवाल्याला म्हणाली, तुझा काटा चुकतोय. तो इराणी भडकला. त्याला वाटलं, बाई लबाडीचा आरोप करतेय. चारुलता म्हणाली, "लबाडी कसली, तू स्वतःचंच नुकसान करतोयस, गिऱ्हाईकाला जास्त देतोयस." त्याने हात जोडून काटाच तिच्या पुढ्यात सरकवला. तिने तो तिथेच काउंटरवर उघडला आणि नीट करून दिला. त्याने शेजारच्याला सांगितलं, शेजारच्याने मासळीबाजारात सांगितलं. बघता बघता मासेवाले, घरी सामान पाठवणारे कार्गोवाले, सोन्याच्या बाजारातले सराफ, सगळ्यांना ठाऊक झालं, की एक हिंदी, म्हणजे भारतीय, बाई आहे, ती काटा तपासते आणि खोटं बोलत नाही.

मग परवाने आले. त्या काळी इथे कंपनी काढायची तर कतारी भागीदार लागायचा, आणि निम्म्याहून थोडा जास्त वाटा त्याचा. चारुलताला भेटली उम्म हमद. म्हणजे हमदची आई. इथे बाईला थोरल्या मुलाच्या नावाने ओळखतात. ही मुलींच्या शाळेची निवृत्त हेडमास्तरीण. अल वक्रातली तिची एक शेड रिकामी पडली होती. चारुलता ती भाड्याने मागायला गेली आणि भागीदार घेऊन आली. उम्म हमदची शेड आणि नाव, चारुलताचं काम आणि उरलेला वाटा. सियालकोटचा जहूर नावाचा कारागीर हाताशी आला. पहिली काही वर्षं नफ्याच्या नावाने शंख होता. विवरणपत्रात दर वर्षी तोटा लिहायचा आणि पुढच्या कामाला लागायचं.

मग एका वर्षी नफा झाला. आणि इथूनच कटकट सुरू झाली.

पियूष हा गुरुप्रसादचा भाचा. पुण्याचा सीए, दोन वर्षांच्या करारावर इथल्या एका ऑडिट फर्ममध्ये आलेला. मुलगा हुशार, कामाला वाघ, मामीच्या हातच्या मसालेभाताचा भक्त. कंपनीचे हिशेब तोच बघायचा. त्या शुक्रवारी जेवता जेवता तो म्हणाला, "मामी, काँग्रॅच्युलेशन्स. यंदा प्रॉफिट आहे. म्हणजे टॅक्स लागणार. उम्म हमदच्या शेअरवर नाही, त्या लोकल. तुमच्या शेअरच्या प्रॉफिटवर. दहा टक्के."

"मग भरू," चारुलता म्हणाली. "कोशिंबीर घे."

पियूष हसला. "भरायचा कशाला? सोपं सोल्यूशन आहे. तुमचा शेअर उम्म हमदच्या नावावर ट्रान्सफर करायचा. कंपनी फुल लोकल झाली की टॅक्स झीरो. तुम्ही मॅनेजर, महिन्याला सॅलरी. सॅलरीवर इथे टॅक्स नाहीच. आणि आपल्या आपल्यात एक ॲग्रीमेंट करून ठेवायचं, की खऱ्या ओनर तुम्हीच."

"ते ॲग्रीमेंट कुठे दाखवायचं?"

"दाखवायचं कुठे? कपाटात ठेवायचं."

"म्हणजे ज्या कागदावर मी मालक, तो कपाटात. आणि ज्या कागदावर मी नोकर, तो सरकारदरबारी."

"मामी, तसं नाही..."

"तसंच आहे. आणि काय रे, असं एकाच्या नावाआड दुसऱ्याने धंदा करायला इथे कायद्याने बंदी आहे ना?"

पियूषने पापड मोडला. "टेक्निकली आहे. पण करतात लोक."

"ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं. आणि तेही कोणापासून, तर स्वतःपासून."

आता गुरुप्रसाद मध्ये पडला. माणूस स्वभावाने चांगला, हे आधीच सांगितलेलं बरं. आवाज चढवणार नाही, बायकोला टाकून बोलणार नाही. फक्त भित्रा. करारावर जगणाऱ्या माणसाला येतो तसा भित्रेपणा. कुठल्याही सरकारी कागदाचं नाव काढलं की तो आधी स्वतःचं कार्ड खिशात आहे ना ते चाचपायचा. तो म्हणाला, "अगं, पियूष म्हणतोय तर ऐक ना. टॅक्सच्या ऑफिसात आपलं नाव कशाला? शून्य तर शून्य. काम तूच करणार, जहूर तुलाच विचारणार. फरक काय पडतो?"

आर्या, त्यांची मुलगी, मोबाइलमधून डोकं वर न काढता म्हणाली, "आई, इट्स जस्ट अ पेपर."

"हो का? तुझं मार्कशीटही पेपरच असतं. दे शेजारच्या अनुष्काच्या नावावर करून. मार्क तूच मिळवलेस हे आपल्याला माहीत आहेच की."

आर्याने डोकं वर काढलं. "दॅट्स डिफरंट."

"कसं काय डिफरंट?"

आर्याने पुन्हा मोबाइलमध्ये डोकं घातलं. चारुलता पानावरून उठली आणि म्हणाली, "माझा वाटा माझ्या नावावर राहील. कर लागेल तो मी भरीन. नाही म्हणजे नाही."

आता खरी मेख इथे आहे. आपल्या घरांतून बाईने 'नाही' म्हटलं की त्याचा अर्थ लोक 'बघू' असा लावतात. दोन दिवस जाऊ द्यायचे, राग शांत होऊ द्यायचा, मग आपण करायचं ते करायचं. तोवर तिचंही मन वळलेलं असतं. गुरुप्रसादने काही कपट केलं नाही. त्याने नेहमीप्रमाणे केलं. घर भाड्याने घेताना त्याची सही, गाडी घेताना त्याची सही, आर्याच्या शाळेत त्याची सही, चारुलताच्या रहिवासाचं कार्डसुद्धा त्याच्याच जबाबदारीवर. इतक्या वर्षांत त्याच्या हाताला सवयच झाली होती. त्याने उम्म हमदच्या मंदूबला फोन केला. मंदूब म्हणजे मालकाच्या वतीने सरकारी कचेऱ्यांत कागद घेऊन फिरणारा माणूस. याचं नाव हारिस. गुरुप्रसादने त्याला सांगितलं, मॅडमचं ठरलंय, तारीख घ्या. आयजीच्या जिवावर बायजी उदार म्हणतात ते हेच. फक्त इथे बायजी मिशा ठेवून होता.

चारुलताला हे कळलं ते वर्कशॉपमध्ये, हारिसच्याच फोनवरून. "मॅडम, परसों नोटरी का अपॉइंटमेंट है. कार्ड लेके आना. मालिकिन ने मुझे पॉवर दिया है, उनका साइन मैं करूँगा. आप बस अपना शेअर दे देना. इन्शाल्ला पाच मिनट में खलास."

जहूर समोरच एका कार्गोवाल्याच्या काट्यावर लोखंडी वजनं चढवत होता. त्याने मॅडमचा चेहरा पाहिला आणि वजन हातातच धरून उभा राहिला.

"बाजी, सब खैर?"

"खैर नाही," ती मराठीत म्हणाली. जहूरला मराठी येत नव्हतं, पण समजलं त्याला.

तिला संताप आला. आणि रागात काट्याला शिवायचं नाही हा वडिलांचा नियम, म्हणून ती खुर्चीत जाऊन बसली. ही शेड तिने स्वतः झाडली होती. उन्हाळ्यात ए.सी. बंद पडला तेव्हा ओला टॉवेल मानेला गुंडाळून तिने काम केलं होतं. मासळीबाजारातल्या लोकांनी "बाई काय काटा बघणार" म्हणून दात काढले होते, आणि त्याच लोकांनी पुढे आपापले काटे आणून दिले होते. आणि हे सगळं पाच मिनिटांत खलास.

जायचं नाही, असं तिच्या मनात आलं. मग तिने विचार केला. गेली नाही तर काय होईल? गुरुप्रसाद म्हणेल, तिला बरं नव्हतं, पुढची तारीख द्या. मग पुढची. घरातलं 'नाही' हवेत विरतं. हे 'नाही' अशा ठिकाणी म्हणायला हवं, जिथे ते लिहून घेतात.

ती गेली. चांगली निळी नारायणपेठ नेसून गेली. गुरुप्रसादला वाटलं, वळलं हिचं मन. गाडीत तो खुशीत होता, एसीचा झोत तिच्याकडे वळवून देत होता. पियूष आधीच येऊन थांबला होता, हातात फाइल. हारिसही होता, पांढरा शर्ट, कडक इस्त्री.

नोंदणीच्या कचेरीतला अधिकारी तरुण होता. त्याने कागद पाहिले, तिचं कार्ड पाहिलं. हारिसशी अरबीत दोन वाक्यं बोलला आणि मग चारुलताकडे वळून इंग्रजीत विचारलं, "सिस्टर, तुम्ही तुमचा वाटा स्वतःच्या मर्जीने देताय?"

"नो," चारुलता म्हणाली.

हारिसने हातातलं पेन खाली ठेवलं.

"ला?" अधिकाऱ्याने खात्रीसाठी अरबीत विचारलं.

"ला."

पियूष पुढे झुकला. "मामी, त्यांना म्हणायचंय की..."

"त्यांना काय म्हणायचंय ते मला कळलं, पियूष. मला काय म्हणायचंय ते त्यांना कळलं. तुझं काय अडलंय?"

गुरुप्रसादचा चेहरा उतरला होता. तो हळूच म्हणाला, "चारू, आपण घरी बोलू ना."

"घरी बोलले होते मी."

अधिकाऱ्याने कागद एकत्र केले, टोकं जुळवली आणि हारिसच्या हातात परत दिले. "नो मीन्स नो. नो प्रॉब्लेम, सिस्टर." आणि पुढच्याला बोलावलं. एवढंच. इतक्या वर्षांच्या संसारात चारुलताचं 'नाही' पहिल्या फटक्यात कोणाला कळलं असेल तर ते या परक्या, ओळखदेख नसलेल्या पोराला. हे ती आजही सांगते, आणि सांगताना हसते; पण ते हसू काही गोड नसतं.

गाडीत मात्र वणवा पेटला. गुरुप्रसादसारख्या माणसाचा वणवा म्हणजे तो गाडी सुरू न करता बसून राहिला.

"चारचौघांत माझी काय राहिली?" तो म्हणाला.

"आणि माझी काय राहणार होती?"

"मी तुझ्या भल्यासाठीच..."

"अहो, माझ्या भल्यासाठी एवढं केलंत, तर मला विचारायलाही काही पैसे पडत नव्हते. तुम्हाला वाटतं मी दहा टक्क्यांसाठी भांडतेय? मी बाकीच्यासाठी भांडतेय. ते माझं आहे, हे कुठेतरी लिहिलेलं राहू दे. या देशात माझ्या नावापुढे गृहिणीखेरीज काही लिहिलं असेल तर ते त्या एका कंपनीच्या कागदावर. तेही तुम्ही पुसायला निघालात, आणि का, तर कर वाचतो म्हणून."

गुरुप्रसादने गाडी सुरू केली.  पुढचे बरेच दिवस घरात "मीठ दे" आणि "दार लाव" यापलीकडे शब्द नव्हता. आर्या दोघांना निरोप पोहोचवायची, अर्थात इंग्रजीतून.

पण खरी धास्ती वेगळीच होती. उम्म हमदचा निरोप आला, भेटायला ये. तिच्या माणसाला कचेरीत सगळ्यांसमोर रिकाम्या हाताने परत पाठवलं होतं. ती चिडली आणि भागीदारीतून बाहेर पडली, तर शेडही गेली आणि परवानाही. नवा भागीदार शोधा, नाहीतर सगळी नोंदणी पहिल्यापासून करा. चारुलता अल वक्राला निघाली. पण माफी मागायची नाही, एवढं तिने पक्कं केलं होतं. उशीर झाल्याची मागू, मंदूबचा वेळ गेल्याची मागू. 'नाही' म्हटल्याची मागणार नाही.

उम्म हमदने तिला बराच वेळ बसवून ठेवलं. बाहेरच्या खोलीत बसवून ठेवणं ही हेडमास्तरणीची जुनी खोड असावी. मग आत बोलावलं, गहवा, म्हणजे त्यांची बिनदुधाची कॉफी, दिला, खजूर पुढे केले. जुन्या पिढीतल्या कतारी लोकांना मोडकीतोडकी हिंदी येते. अर्धं त्या हिंदीत, अर्धं अरबीत असं त्यांचं बोलणं चालायचं.

"हारिसला तुझ्या घरून फोन आला," उम्म हमद म्हणाली. "तुझी इच्छा आहे असं सांगितलं. मी म्हटलं, ठीक. मग तू तिथे जाऊन नाही म्हणालीस. माझा हारिस तिथे गाढवासारखा उभा राहिला."

"हारिसचा वेळ गेला, त्याबद्दल मला वाईट वाटतं."

"फक्त त्याबद्दल?"

"फक्त त्याबद्दल. फोन मी केला नव्हता."

म्हातारीने कप खाली ठेवला. "माझ्या नावावर सगळं आलं असतं तर तुला कर पडला नसता. हे तुला माहीत होतं?"

"माहीत होतं."

"मग? सरकारला द्यायची एवढी हौस?"

"हौस कसली," चारुलता म्हणाली. "पण जो कर देतो त्याचं नाव लिहून ठेवतात. मला ते नाव हवंय."

उम्म हमदने तिचा कप पुन्हा भरला. शाळेत इतक्या मुली पाहिलेली बाई. खरं बोलणारी आणि घाबरून बोलणारी यांतला फरक तिला कोणी सांगायला नको होता. मग ती म्हणाली, "मला तीन मुलगे. मी गेले की माझ्या नावावरचं सगळं त्यांचं. तू माझ्याकडून काही कागद लिहून घेतला असतास, तर त्यांनी तो वाचलाही नसता. शेड विकून गाड्या घेतल्या असत्या. मी त्यांना जन्म दिलाय, मला ठाऊक आहे." आणि मग, जरा नाराजीनेच, "तू मला आधी का नाही येऊन सांगितलंस? फोन नवऱ्याचा आला तरी मी तुलाच विचारायला हवं होतं, ही माझी चूक. पण तू यायला हवं होतंस, ही तुझी."

 चारुलता म्हणाली, "बरोबर आहे."

"खलास. आहे तसं राहू दे. आणि यापुढे या कंपनीबद्दल फोन आला तर तुझ्याच आवाजात यावा. दुसऱ्या कोणाचा मी घेणार नाही."

परत येताना चारुलता गाडी बाजूला घेऊन रडली. हायसं वाटलं म्हणून रडली, आणि आपल्याला एवढी भीती वाटत होती हे तोवर तिने स्वतःलाही कबूल केलं नव्हतं, म्हणूनही रडली. मग तोंड पुसलं आणि वर्कशॉपला जाऊन एका सराफाचा काटा संपवला.

बातमी मंडळात पोहोचायला वेळ लागला नाही. अल दुहैलच्या एका शाळेच्या हॉलमध्ये मंडळाचा कार्यक्रम होता. मध्यंतरात बटाटेवडे वाटले जात होते आणि मंडळाचे सेक्रेटरी हातात गोड सोड्याचा डबा घेऊन 'करमुक्त जीवन' या त्यांच्या आवडत्या विषयावर बोलत होते. त्या डब्यावर सरकारने चांगला दणदणीत कर लावलाय, आणि तो त्यांनी दुकानातच भरलाय, हे त्यांना कोणी सांगायचं!

मालविकाने चारुलताला गाठलं. मालविकाचा नवरा बँकेत, आणि जीभ उचलून टाळ्याला लावण्यात तिचा हात कोणी धरत नसे. "काय गं, ऐकलं ते खरं? कर भरणार म्हणे तू! अगं, आपण सगळे इथे आलो ते कर वाचवायला. तुला तर लोक चकटफू सोडत होते, आणि तू भरते म्हणतेस? दानधर्म करायचाय तर मंडळाला दे की."

आजूबाजूला हशा पिकला. गुरुप्रसाद दोन हात अंतरावर उभा होता, ताटलीत वडा, आणि ताटलीकडेच बघत होता.

"दान नाही गं," चारुलता म्हणाली. आवाज तिने मुद्दाम खाली आणला नाही. "तुम्हाला महिन्याला कोणीतरी देतं, म्हणून तुम्हाला कोणी मागत नाही. ते बंद झालं की सामान बांधायचं, आणि मागे तुमचं म्हणून इथे काही राहत नाही. माझं आहे. म्हणून माझ्याकडे मागतात. ज्याचं काहीच नाही, त्याच्या दारात मागायला तरी कोण येईल?"

हशा थांबला. मालविका म्हणाली, "बाई बाई, केवढं लागलं तुला," आणि चटणी आणायला गेली. असं बोलू नये हे चारुलतालाही कळत होतं. पगारावर जगणं काही पाप नाही. त्याच पगारावर तिचं घर चाललं होतं, तिच्या धंद्याची तोट्याची वर्षं निघाली होती. पण कोणीतरी पहिल्यांदा हसतं तेव्हा कोणी त्याला थांबवत नाही, आणि उत्तर दिलं की मात्र लागलं म्हणतात. त्यामुळे तिने शब्द परत घेतले नाहीत.

विवरणपत्र शेवटी पियूषनेच भरलं. तोंड वाकडं करून, पण एक आकडा इकडचा तिकडे न करता. "मामी, एकदा पुन्हा विचार करा," असं तो शेवटपर्यंत म्हणत होता. शेवटी त्याने तिच्या नावापुढे 'भागीदार' भरलं आणि स्क्रीन तिच्याकडे वळवली. "पेमेंट तुम्हीच करा. माझा हात होत नाही." आणि मग उगाच खोकून, "मी त्या अपॉइंटमेंटला यायला नको होतं, मामी." चारुलताने त्याला शुक्रवारी जेवायला बोलावलं. याहून मोठी माफी त्याला मिळण्यासारखी नव्हती आणि नकोही होती.

पैसे तिने वर्कशॉपमधून भरले, भर दुपारी, कामाच्या वेळी. बँकेतून रक्कम गेली आणि मनाला एकदा टोचलंच. कष्टाचे पैसे होते, जाताना टोचणारच. पण त्याच्या मागोमाग दुसरं काहीतरी आलं, आणि ते तिने लपवलं नाही. तिने जहूरला हाक मारून सांगितलं, "जहूर, टॅक्स भर दिया." जहूरने मान हलवली आणि एकदम गंभीरपणे म्हणाला, "मुबारक, बाजी."

त्याच वेळी दारात गुरुप्रसाद उभा राहिला. त्याची सुट्टी होती. अल वक्रात त्याचं काही काम नसतं. "इकडून जात होतो," तो म्हणाला. ही शेड कुठल्याच वाटेवर नाही, हे दोघांनाही माहीत होतं. तो आत आला, वजनांच्या कपाटाकडे पाहिलं, भिंतीवरच्या परवान्याकडे पाहिलं. त्यावरचं नाव त्याने पुन्हा एकदा वाचलं असावं, कारण तो तिथे जरा जास्त वेळ थांबला.

"भरलास?" त्याने विचारलं.

"भरला."

"सगळा?"

"सगळा. माझ्या वाट्याचा."

तो काही म्हणणार होता, तेवढ्यात दारात एक पिकअप थांबली. नवीन गिऱ्हाईक, कोणी कार्गोवाला, एक अवजड काटा छातीशी धरून घाम गाळत आत आला. आत एक साडीतली बाई, एक कामाच्या कपड्यातला कारागीर, आणि एक चष्मा लावलेला, इस्त्रीच्या शर्टातला गृहस्थ. तो सरळ गृहस्थाकडे गेला. "सेठ, ये देखो ना, गलत वजन दिखाता है."

गुरुप्रसादने तोंड उघडलं. तो काय म्हणणार होता ते चारुलताला दिसलं. चांगलंच काहीतरी म्हणणार होता. पण ते त्याच्या तोंडून ऐकायला थांबायची तिची तयारी नव्हती. ती खुर्चीतून उठली.

"इधर," ती म्हणाली. "मालिक मैं हूँ."

कार्गोवाला गोंधळून दोघांकडे बघू लागला. काटा त्याच्या हातून निसटायला आला होता. गुरुप्रसाद पुढे झाला, त्याने दुसऱ्या बाजूने तो धरला, आणि तसाच वाकलेल्या कमरेने बायकोकडे बघून विचारलं,

"कुठे ठेवू?"